डिंकाच्या लाडवांनी न भागणारे

बाळंतिणीच्या मनाचा प्रश्न काढला की जाणती माणसेही ठरलेले उत्तर देतात. आपल्याकडे माहेर आहे, सव्वा महिन्याची विश्रांती आहे, तेल-मालिश, शेक-शेगडी, अळीव आणि डिंकाचे लाडू आहेत. नैराश्य हे एकटेपणाचे दुखणे. ते परदेशातले, फार तर आपल्याकडच्या बंद फ्लॅटांतले. मग त्यासाठी चळवळ कशाला?

यात तथ्यांश आहे. हक्काची झोप आणि आयते गरम जेवण यांचे मोल कोणतीही बाळंतीण सांगेल. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा बाळंतपणानंतरही मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. त्याचे धागे गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण आणि मुलगी होणे यांच्याशी जुळले. शेगडीची ऊब ज्या खोलीत असते, त्याच खोलीत ‘पुन्हा मुलगीच’ हेही ऐकू येते.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. त्या आजारी मातांपैकी ७८ टक्के गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या. ज्या उपचारांचा आपल्याला अभिमान, ते सुरू होण्याआधीच बहुतेकींचे दुखणे सुरू झालेले! शिवाय माहेरचा सव्वा महिना सगळ्यांच्याच नशिबी असतो हे पांढरपेशांनी धरलेले गृहीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला विचारून पाहावे.

‘हे डॉक्टरांचे काम, आपण काय करणार?’ हा पुढचा बचाव. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांनी गरोदरपणीच नैराश्यात असलेल्या स्त्रियांना घरी जाऊन आधार दिला, तेव्हा सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या २३ टक्केच माता नैराश्यात होत्या. तसा आधार नसलेल्यांत ५३ टक्के. हे २००८ सालचे. पुढे गोव्यात ‘सखी’ म्हणून निवडलेल्या साध्या गृहिणींनी असेच काम केले. तिथला फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता.

मे महिन्यातल्या पहिल्या बुधवारी या विषयाचा जागतिक दिन असतो. त्या दिवशीच्या फलकांचे मला फारसे कौतुक नाही. ज्याला काही करायचे आहे त्याने गावची आरोग्य समिती गाठावी, ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती गाठावी. रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी येणे अपेक्षित असते. भेटीचा बहुतेक वेळ बाळाचे वजन, ताप पाहण्यात जातो. आईचे मन लागते का, बाळ झोपल्यावर तरी तिला झोप येते का, हे विचारायला आशाताईला शिकवावे. गरोदरपणाच्या तपासणीतही हेच विचारले जावे, आणि उत्तर काळजीचे आले तर कुठे पाठवायचे ते आधीच ठरलेले असावे. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रसूतिकक्षात लावायला तर खर्चही नाही. आईला दाखल करावे लागले तरी तीन वर्षांखालचे मूल एरवी तिच्यापासून वेगळे करायचे नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ सांगते. मूल ओढून नेणाऱ्या सासरला हे ऐकवणारे कोणीतरी हवे.

आशाताईंवर आणखी एक ओझे नको, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणून प्रशिक्षणाची आणि वाढीव मोबदल्याची मागणी एकाच अर्जात करावी.