खुल्या आकाशांतील शिक्कामोर्तब

खडकी म्हटली कीं पुणेंकरांस १८१७ ची लढाई किंवा दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. दौंड म्हटलें कीं गाडी बदलण्याचें स्टेशन. परंतु २३ जुलै १९२७ या दिवशीं या दोन गांवांनीं मिळून एक निराळेंच काम आरंभिलें. खडकीहून हिंदुस्थानचे संदेश बिनतारी लहरींनीं विलायतेस जाऊं लागले आणि तिकडून आलेले संदेश दौंडास उतरूं लागले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन व बादशहा पांचवे जॉर्ज यांच्यांत त्या दिवशीं अभिनंदनाच्या निरोपांची देवघेव झाली. तोंवर विलायतेशीं तातडीचा व्यवहार मुख्यतः समुद्राच्या तळाशीं पसरलेल्या तारांनींच होत असे.

मार्कोनीच्या या नव्या पद्धतीस 'बीम' म्हणत. कारण तींत आखूड लहरी चोहींकडे न उधळतां, बत्तीचा झोत टाकावा तशा एकाच दिशेस सोडीत. ही युक्ति मुख्यत्वें शक्ति व खर्च वांचविण्याची होती. तिनें चोरून ऐकणाऱ्यांचा बंदोबस्त होतो असें मानणें भाबडेपणाचें ठरलें असतें. झोत कितीहि अरुंद असला तरी हजारों मैल जातांना तो पसरणारच, आणि त्याच्या वाटेवर ज्याच्यापाशीं योग्य यंत्र असेल त्याच्या कानीं मजकूर पडणारच. तार फोडावयाची तर ती आधीं गांठावी लागते. आकाशाला मुळीं दारच नाहीं. म्हणून ज्यास गुप्तता हवी त्यानें वाट राखण्याचा नाद सोडून पत्रच राखावें, म्हणजे संदेश सांकेतिक भाषेंत लिहावा, हा एकच उपाय उरला.

पण पत्र राखणें म्हणजे तें झांकणें एवढेंच नव्हे. शिवकालीन राजपत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, आरंभीं मुख्य मुद्रा असते आणि अखेरीस, मजकूर संपतो तेथेंच, मर्यादेची लहान मुद्रा असते. पहिलीवरून पत्र कोणाचें तें कळावें. दुसरीवरून मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं ओळ वाढविली तर ती खोटी, हें कळावें. पत्र कोणीं वाचलें याहून तें खरोखर कोणाचें, व वाटेंत त्यांत कोणाचा हात पडला काय, ही काळजी त्या कारकुनांस अधिक होती. आजच्या बिनतारी जोडण्यांचा इतिहास पाहतां असें वाटतें कीं, झांकण्याची विद्या आपण बरीच शिकलों. ओळख पटविण्याची मात्र वारंवार विसरलों.

१९९७ सालीं संगणकांच्या बिनतारी जोडणीचें पहिलें प्रमाण ठरलें, तेव्हां तिच्यासाठीं 'वेप' नांवाचें कुलूपहि देण्यांत आलें. तारेनें जोडल्याइतकी गुप्तता मिळेल, असा नांवांतच दावा होता. परंतु सर्व यंत्रांस किल्ली एकच, आणि ती दर वेळीं निराळी भासावी म्हणून तिला जोडलेला अंक इतका लहान कीं गजबजलेल्या जागीं तो थोड्याच वेळांत पुन्हां येई. २००१ सालीं फ्लूरर, मँटिन व शामिर या तिघांनीं दाखवून दिलें कीं, पुरेसे संदेश जमविले तर किल्लीच हातीं येते. पुढें २००४ सालीं आलेलें 'डब्ल्यूपीए-टू' पुष्कळ भक्कम होतें. तरी २०१७ सालीं बेल्जममधील मथी वान्हूफ या संशोधकानें त्यांतहि फट शोधिली. किल्ली ठरविण्यासाठीं जे चार निरोप जातात त्यांपैकीं तिसरा कोणीं पुन्हां पाठविला, तर बिचारा लॅपटॉप वापरलेलीच किल्ली नवी समजून बसवी! अर्थात् या साऱ्या पांडित्यापुढें सामान्य गृहस्थाची तऱ्हा निराळीच. प्रस्तुत लेखकाच्या घरीं वाय-फायच्या पेटीच्या बुडाशीं कारखान्यानें छापलेला परवलीचा शब्द सहा वर्षें तसाच चालू होता. भाचीनें चहा पितां पितां तो मोठ्यानें वाचून दाखविला, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले.

अशाच घरांतून २०२० च्या मार्चांत हिंजवडीचीं कामें चालूं लागलीं. परदेशी गिऱ्हाइकांचे हिशेब व रुग्णांच्या नोंदी ज्यांत उघडत असत ते लॅपटॉप साथीमुळें कोथरुडांत व पिंपळे सौदागरांत स्वयंपाकघराच्या टेबलावर येऊन बसले. तोंवर अशा कंपन्यांस घरून काम करूं देण्यासाठीं अनामत रक्कम व विशिष्ट खासगी जोडणी यांचें बंधन होतें. १३ मार्च २०२० रोजीं दूरसंचार खात्यानें तें सैल केलें. मग भिस्त राहिली ती 'व्हीपीएन'वर. घरच्या वाय-फायवर विश्वास न ठेवतां लॅपटॉपपासून कचेरीपर्यंत स्वतंत्र कुलुपबंद बोगदा काढावयाचा, आणि त्याच्या तोंडाशीं एकमेकांची ओळख पटल्यावांचून कोणास आंत घ्यावयाचें नाहीं, अशी ही योजना. बोगदा उत्तम, पण त्याच्या एका टोकाशीं तोतया बसला तर भक्कम भिंतींचा उपयोग त्यालाच होतो.

तोतया हा शब्द पुण्यास नवा नाहीं. भाऊसाहेबांच्या तोतयास १७७६ सालीं याच शहरांत देहान्त शासन झालें. दुसऱ्या तोतयास मात्र चेहराहि नव्हता. कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ सालची जुनी संस्था. तिची मुख्य कचेरी गणेशखिंड रस्त्यावर. एटीएम यंत्रांतून पैसे मागितले म्हणजे ती मागणी 'स्विच' नांवाच्या मध्यस्थाकडे येते. तो मुख्य खातेवहीस शिल्लक विचारतो व होकार किंवा नकार परत धाडतो. चोरांनीं बँकेच्या यंत्रणेंत शिरून या मध्यस्थाच्या जागीं बनावट मध्यस्थ उभा केला. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजीं दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनीं मागण्या आल्या, आणि तोतया प्रत्येकीस 'होय' म्हणत गेला. खातेवहीपर्यंत प्रश्न पोंचलाच नाहीं; म्हणून खातेदारांच्या शिलका जशाच्या तशा राहिल्या, आणि गेला तो बँकेचा पैसा. सुमारें ८०.५ कोटि रुपये असे गेले. सोमवारीं, १३ तारखेस, बँकांबँकांच्या परदेशी निरोपांच्या 'स्विफ्ट' मार्गानें आणखी १३.९२ कोटि हाँगकाँगला धाडण्यांत आले. त्या निरोपांत बाहेरून पाहणाऱ्यास खोटें असें कांहींच दिसत नव्हतें. कुलूप खरें होतें, वाट खरी होती, शिक्काहि खराच होता.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ च्या अहवालांत या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ सालीं ११ जणांस दोषी ठरविलें. ते बनावट कार्डें घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेले व त्यांचे साथीदार असे इकडचेच लोक होते.