चोळणे, चेपणे, रगडणे : मालिशचा थोडा इतिहास

मंडळी, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहणारे आपल्यापैकी कुणी कारखान्यात दिवसभर उभे असते, कुणी थंडगार कचेरीत संगणकापुढे मान वाकवून बसते, तर कुणाच्या घरी नुकताच पाळणा हललेला असतो. अंग सगळ्यांचेच दुखते. मग मसाज केंद्राचा दरफलक पाहावा, तर त्यावर स्वीडिश, थाई, डीप टिश्यू, मोरोक्कन बाथ अशी जंत्री! आपण दर पाहून निवड करतो. खरे तर यातील बहुतेक प्रकार वेगवेगळ्या गरजेतून जन्मले. तो इतिहास कळला की निवड सोपी होते.

आपल्या भाषेने ही निवड केव्हाच करून ठेवली आहे. बाळाला आपण तेल लावून हलके चोळतो, आजोबांचे पाय चेपतो आणि पैलवानाचे अंग रगडतो. बाळाला ‘रगडा’ असे कुणी म्हणत नाही! ‘मालिश’ हा शब्द फारसीतून आला. ‘मसाज’ फ्रेंचमधून आला. पण त्याचे मूळ अरबी ‘मस्स’, म्हणजे स्पर्श, असे एक मत आहे.

आपली सर्वांत जुनी परंपरा अभ्यंगाची. सुमारे सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात वाग्भटाने रोज अभ्यंग करावा, डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगितले. त्याचबरोबर कफाने ग्रासलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच शोधन घेतलेल्याने तो टाळावा, असेही बजावले. म्हणजे मालिश कुणी करू नये हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता. नरक चतुर्दशीचे तेल-उटणे याच परंपरेतले. त्वचा कोरडी पडू लागते त्याच सुमारास ते येते.

तालमीतले मालिश निराळे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला. 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले. जोर-बैठका आणि लढतीनंतर पैलवान एकमेकांचे अंग जोर लावून रगडतात. हे मालिश कमावलेल्या शरीरासाठी आहे. दरफलकावरच्या ‘डीप टिश्यू’चे नाते याच रगडण्याशी जुळते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी ते मागू नये.

स्वीडिश मसाजची कथा गमतीची आहे. स्टॉकहोममध्ये 1813 साली पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामाची संस्था काढली, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. पण त्यातील हातांच्या क्रियांना आज वापरात असलेली फ्रेंच नावे देण्याचे श्रेय योहान मेझगर या डच डॉक्टरांना दिले जाते. त्याच शतकाच्या आरंभी पाटण्याहून गेलेले शेख दीन महोमद इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान व चंपी देत होते. दोन इंग्लिश राजांचे ते ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. ‘शाम्पू’ शब्द आपल्या चंपीच्याच घरचा!

थाई मसाज कपडे अंगावर ठेवून, तेलाविना, चटईवर दाब व ताण देऊन करतात. 2019 साली युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद केली. मोरोक्कन बाथ मुळात हमाम, म्हणजे वाफ, साबण आणि अंग घासणे. त्याने त्वचा स्वच्छ होते. आखडलेल्या कंबरेचा तो इलाज नव्हे.

इतिहासातला आणखी एक धडा आहे. लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली गैरप्रकार वाढले, तेव्हा 1894 साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची संस्था स्थापली. पुढे तीच फिजिओथेरपिस्टांची संस्था झाली. दुबईत गाडीच्या काचेला खोचलेली मसाजची कार्डे आपण पाहतोच. त्यांवरील क्रमांक फिरवून फसलेल्यांच्या, लुटल्या गेलेल्यांच्या बातम्याही वाचतो. परवाना असलेल्या जागीच जावे. एकट्या राहणाऱ्या तरुण मुलांना हे आपणच सांगायला हवे.

आता निवडीचे. नुसता शीण असेल तर अभ्यंग किंवा हलका स्वीडिश पुरे. शरीर ताठरले असेल, पण सांधे धड असतील, तर थाई चालेल. दुखणे हातापायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या वा हाडे ठिसूळ झालेल्या आईवडिलांना जोराचे मालिश नको. लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा बाळंतपणानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर ती मुळीच चोळू नये, त्वरित दवाखाना गाठावा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

बाळंतिणीसाठी भारतातून आजी येतात, सोबत शेक-शेगडीची आठवणही आणतात. आजींचा हात हवाच. पण बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्यांची शेगडी नको, तिचा वायू जिवावर बेततो. सिझेरियनच्या टाक्यांवर डॉक्टरांच्या परवानगीविना हात लावू नये. बाळाच्या नाकाकानात तेल घालू नये. बाकी कोमट तेल आणि आजींचा मऊ हात, याला कुठल्याच दरफलकावर तोड नाही.