नावे मोठ्याने वाचा

प्रस्तावना

बोईसर स्टेशनवर उतरून तारापूरच्या रस्त्याला लागलात की कारखाने मागे पडतात आणि पुढे खाडी येते. खाडीच्या दक्षिणेला तारापूर, उत्तरेला चिंचणी. आशियातील कला आणि विचार यांच्या सामाईक वारशाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला मी सर्वांत आधी या चिंचणीत सापडलेले ताम्रपट वाचायला सांगतो.

त्यांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राज्य राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राचे आणि किनाऱ्यावरच्या संजाण परिसराचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे. संस्कृत लेखात त्याचे नाव येते ‘मधुमती’. हे ‘महंमद’ या नावाचे संस्कृत रूप आहे, असे ताम्रपटाचे संपादक दिनेशचंद्र सरकार यांनी दाखवले. दोन्ही नावे एकामागोमाग मोठ्याने म्हणून पाहा. अनोळखी नाव लेखकाच्या कानावर पडले आणि त्याच्या जिभेवर येता येता त्यात मध मिसळला.

या मधुमतीने प्रवाह ओलांडणाऱ्यांसाठी तरीची सोय केली आणि भात, कालवण, तूप वाढणारे अन्नछत्र घातले. भगवती देवीच्या मठिकेच्या, म्हणजे लहान मठाच्या, डागडुजीसाठी आणि देवीच्या नैवेद्यासाठी त्याने दान दिले. पुढे शके ९५६ च्या, शिलाहारांच्या काळातल्या ताम्रपटात देवीपुढच्या दिव्यासाठी तेलाचा घाणा लावून दिलेला दिसतो. त्या वेळच्या नगरजनांच्या यादीत अल्लिय, महर, मधुमत अशी नावे आहेत. देवीच्या दिव्याला तेल मिळावे याची काळजी घेणाऱ्यांत समुद्रापलीकडून आलेली ही माणसेही होती.

याच जिल्ह्यात दक्षिणेकडे नालासोपारा आहे. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक आणि ग्रीक दर्यावर्दींच्या लेखी सुप्पारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या टेकाडाखालचा स्तूप उकलला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याभोवती सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ मूर्ती. मग चांदी, दगड, स्फटिक आणि शेवटी सोने. त्या सोन्याच्या डबीत निघाले मातीच्या भांड्याचे लहान तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत, या श्रद्धेने कुणीतरी ते इतक्या आवरणांत जपले होते.

शूर्पारकाच्या पूर्ण या व्यापाऱ्याची कथाही वाचा. तो भिक्षू होऊन तापट लोकांच्या मुलखात जायला निघतो. ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, तेव्हा काय करशील, असे बुद्ध विचारतो. प्रत्येक वेळी पूर्ण त्या लोकांबद्दल चांगलेच बोलतो. पालीत हा ‘पुण्ण’ आहे, संस्कृतात ‘पूर्ण’. ‘दिव्यावदान’ ग्रंथात त्याच्या भावाचे गलबतही आहे, आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ते चित्रातही उतरले. एका बंदराची आठवण ग्रंथात आणि भिंतीवर अशी दोन्हीकडे टिकली.

हा वारसा म्हणजे अखंड सलोखा, असे मात्र समजू नका. संजाणला आसरा मिळालेल्या पारशांची परंपरा सांगते की तिथे स्वारी झाली तेव्हा ‘इराणशाह’ हा आपला पवित्र अग्नी घेऊन लोक बाहरोटच्या डोंगरात गेले आणि त्यांनी तो बारा वर्षे लेण्यांत जपला. डहाणू तालुक्यातला तो डोंगर पारशी आजही चढतात. ज्या किनाऱ्याने आसरा दिला, त्याच किनाऱ्यावर पळण्याचीही वेळ आली. अभ्यासकाने दोन्ही गोष्टी सारख्याच निष्ठेने लिहाव्यात.

नव्याने येणाऱ्या वाचका, तुझे मनापासून स्वागत आहे. नालंदा, बोरोबुदूर, दुनहुआंग पुढे येणारच आहेत. त्यांची भव्यता दिपवून टाकेल. तिथेही तीच सवय ठेव: लेखातली नावे मोठ्याने वाच आणि ती कुणाच्या तोंडून कुणाच्या कानी गेली असतील, याचा विचार कर. सामाईक याचा अर्थ एकसारखे, असा नाही. परक्याचे नाव आपल्या भाषेत घेताना त्याला आपल्या जिभेचे वळण मिळते आणि माणूस मात्र त्याच्या जागी राहतो. चिंचणीच्या तांब्यावर अरबाचे नाव संस्कृतात कोरले गेले, त्याच्या दानातून देवीचा नैवेद्य शिजला, आणि त्यासाठी कुणालाही आपला देव सोडावा लागला नाही.