लीलावतीची घटका

आपल्या पनवेलच्या बचत गटांत सहलीचा विषय निघाला की गाडी पाली-महडवरच थांबते. या वेळी आम्ही वेगळा रस्ता सुचवतोय, घड्याळाचा.

जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत असा सुमारे ३२० किलोमीटरचा रस्ता आहे. तिथली शेतकरी कुटुंबं बर्फाच्या दिवसांत घरीच लाकडी घड्याळं करायची. आज लोक गाडीनं ती गावं बघत फिरतात.

आपलं जुनं घड्याळ म्हणजे घटिकापात्र. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत येत राहायचं आणि २४ मिनिटांनी वाटी बुडायची. झाली एक घटका! अडीच घटकांचा तास, दिवसरात्र मिळून ६० घटका. "घटकाभर टेक गं" म्हणतो ना, ती हीच. लग्नाचा मुहूर्तही याच वाटीवर धरत. भोक नेमकं केवढं ठेवायचं, हे तांबटाचं कसब.

लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भास्कराचार्यांची ही लेक लग्नाच्या दिवशी वाटीत डोकावली, अंगावरच्या दागिन्यातला मोती भोकात अडकला, वाटी बुडेना आणि मुहूर्त टळला. पोरीनं वाकून पाहिलं म्हणून जन्म वाया गेला, अशीच ती आम्हाला सांगितली गेली.

आता सनावळी बघा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'लीलावती' ग्रंथ ११५० चा. आणि मोत्याची गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. चारशेहून जास्त वर्षांनी! मूळ ग्रंथात मोडलेलं लग्न नाहीच. लीलावती लेक होती की आणखी कोणी, यावरही जाणकारांचं एकमत नाही. ग्रंथात आहेत गणितं, भुंग्यांची, हंसांची. आणि 'बाले, सांग' म्हणून एका मुलीलाच उत्तर विचारलेलं. दोष लावलेला नाही, प्रश्न घातलाय. आम्हाला हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर!

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथं सापडला, पाटणादेवीचं ठाणं आहे तिथं. पनवेलहून कसारा घाट, नाशिक, मालेगाव, चाळीसगाव, आणि पुढं गौताळ्याचं जंगल. पावसाळा सरता सरता जावं, डोंगर हिरवे असतात.

एका दिवसात होणार नाही, मुक्काम धरा. नावं पुढच्या बैठकीत द्या. आणि हो, मुलींना बरोबर घ्या.