पामर्स्टनचा किताब, साताऱ्याची गादी

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचं जुनं नाव पामर्स्टन. जॉर्ज गॉयडरनं 1869 मध्ये बंदराकाठी शहर आखलं ते याच नावानं. 1911 मध्ये ते डार्विन झालं. जुनं नाव आज शेजारच्या शहराकडे आहे. पण गॉयडर जमीन मोजत होता तेव्हा पामर्स्टन ही सरदारकीच उरली नव्हती. 1723 मध्ये हेन्री टेंपलला मिळालेला हा आयरिश किताब तिसऱ्या व्हायकाउंटबरोबर, म्हणजे पंतप्रधान पामर्स्टनबरोबर, 1865 मध्ये संपला. त्याला औरस मुलगा नव्हता. त्याची ब्रॉडलँड्सची इस्टेट पुढे सावत्र मुलाला, विल्यम कूपरला मिळाली. किताब मिळाला नाही.

हे वाचलं आणि मला थेट सातारा दिसला. 1848 मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं असं, की दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, गादी नाही. संस्थान खालसा झालं.

माझा तर्क स्पष्ट आहे: डलहौसीनं आपल्या गादीला विलायती सरदारकीचं माप लावलं. ते माप मध्ययुगीन आहे. दुसऱ्या रिचर्डनं 1387 मध्ये जॉन बीचमला सनद देऊन बॅरन केलं, आणि वारसा त्याच्या पोटच्या पुरुषसंततीपुरता बांधला. पुढे बहुतेक किताब याच साच्यात पडले. दत्तकाला त्यात जागाच नाही.

याविरुद्ध सांगतात, की सार्वभौम सत्तेची मंजुरी घेण्याची रीत मोगलांपासूनची, डलहौसीनं तीच चालवली. रीत होती, खरं. पण ती मुख्यतः नजराणा घेऊन वारस मान्य करण्याची. आणि साताऱ्याची गादी तर दत्तकावरच चालत आली होती! शाहू महाराजांमागे दत्तक रामराजा, त्यांच्यामागे 1777 मध्ये दत्तक घेतलेले धाकटे शाहू. इंग्रजांनी 1818 मध्ये ज्यांना गादीवर बसवलं ते प्रतापसिंह या धाकट्या शाहूंचेच पुत्र, आणि आप्पासाहेब त्यांचे भाऊ. 1819 च्या तहात ‘वारस आणि उत्तराधिकारी’ असं लिहिताना इंग्रजांना हे ठाऊक नव्हतं, हे मला पटत नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क खालसा करण्याच्या विरोधात होता, तो उगीच नव्हे.

डलहौसीला 1849 मध्ये मार्क्विस केलं गेलं. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. 1860 मध्ये तो वारला. जुनी स्कॉटिश अर्लकी चुलतभावाकडे गेली. मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबरच संपला.