फॅरडेच्या जड काचेचं घराणं

लेसरचा प्रकाश समोरच्या भिंगावर आपटून मागे परतला, तर लेसर बिघडू शकतो. म्हणून वाटेत विलगक बसवतात: चुंबकाच्या कड्यात टर्बियम ऑक्साइड घातलेली काच किंवा तसा स्फटिक. प्रकाश जाताना ती त्याच्या कंपनांची दिशा ४५ अंश वळवते आणि परतताना त्याच बाजूला आणखी ४५ अंश. त्यामुळे परतणारा प्रकाश एकाच दिशेची कंपनं आत घेणाऱ्या दाराशीच अडतो. या काचेची वंशावळ शोधत गेलो आणि थेट दुर्बिणीच्या भिंगापाशी पोचलो.

इंग्लंडला दुर्बिणींसाठी निर्दोष फ्लिंट काच, म्हणजे शिसं घातलेली काच, हवी होती. वितळलेल्या काचेत जड शिसं सारखं मिसळत नाही, शिरा उमटतात. १८२५ मध्ये हे काम मायकेल फॅरडे यांच्याकडे आलं. त्यांनी सिलिका आणि शिशाच्या ऑक्साइडला बोरिक आम्लाची जोड दिली. काच कमी उष्णतेत वितळू लागली आणि प्लॅटिनमच्या तबकात ढवळून एकजीव करता आली. भट्टीतले वायू मात्र तबकापासून दूर ठेवावे लागत, कारण ऑक्साइडचं शिसं झालं की ते प्लॅटिनमलाच खातं. अशी पाण्याच्या पाचपटीहून जड, पिवळसर काच तयार झाली. दुर्बिणीला तिचा फारसा उपयोग झाला नाही.

१३ सप्टेंबर १८४५. चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का, हे फॅरडे पाहत होते. हवा, फ्लिंट काच, गारेचा स्फटिक, कॅल्साइट: काहीच घडेना. मग जड काच ठेवली आणि ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाच्या कंपनांची दिशा वळली.

याला नशीब म्हणण्याची प्रथा आहे. मला ते मुळीच मान्य नाही. १८९७ मध्ये आंरी बेकरेल यांनी दाखवलं की अशा पदार्थांत प्रकाशाचं हे वळणं अपस्करणाशी, म्हणजे रंगागणिक प्रकाश कमीजास्त वाकण्याशी, बांधलेलं असतं. दोन्हींचं मूळ एकच: शिशाभोवतीचे, सहज हलणारे इलेक्ट्रॉन. भिंगवाल्यांना फ्लिंट काच हवी होती तीच मुळी अपस्करणासाठी! त्या दिवशी हरलेल्या फ्लिंट काचेनेही पुढे जोरदार चुंबकात वळण दाखवलं. शिवाय भिंगासाठी एकजीव, ताणविरहित केलेल्या काचेतच इतकं नाजूक वळण स्पष्ट दिसतं. फॅरडेंनी ती काच हाती घेतली, त्यामागे तिच्या या गुणांची जुनी ओळखच असणार, असं मी ठामपणे मानतो.

एक आक्षेप वजनदार आहे. टर्बियमची काच उलट बाजूला वळवते. तिचं वळण टर्बियमच्या स्वतःच्या चुंबकत्वातून येतं. मग कूळ वेगळं नाही का? १८८४ मध्ये येना इथे सुरू झालेल्या शॉट यांच्या कारखान्यालाही नव्या ऑक्साइड काचांचा मूळपुरुष मानतात, आणि व्यापारी उत्पादनाचा मान त्याचाच. तरीही टर्बियमच्या काही काचांत आजही सिलिका आणि बोरॉनचंच जाळं असतं. जड आयन त्या जाळ्यात सगळीकडे सारखे बसवायचे आणि काच ताणाविना निववायची, ही विद्या फॅरडेंच्या भट्टीची. आयन बदलला, घराणं तेच राहिलं.