एका साताऱ्याचे दोन जिल्हे

आमच्या वडीलधाऱ्यांच्या कागदपत्रांत तासगाव, वाळवा, खानापूर ही ठिकाणे 'जिल्हा सातारा' अशीच आढळतात; सोयरीक जुळविताना त्यावरून आजही घोटाळा होतो. ता. १ ऑगस्ट १९४९ रोजी संस्थाने सामील करून उत्तर व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. फलटण उत्तरेत आले. सांगली, मिरज, जत दक्षिणेत. औंध संस्थानाचे तर तुकडेच झाले: औंध उत्तरेस, आटपाडी दक्षिणेस! ता. २१ नोव्हेंबर १९६० रोजी दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले.

सरकारने रेघ आडवी ओढली. निसर्गाची वाटणी उभी आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस, तर माण-जतकडे २० इंचांच्या आसपास. पाटणकरांना कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. जतकरांना विजापूर जवळचे. कुळवृत्त लिहिणाऱ्या सभासदबंधूंनी म्हणून गावापुढे तालुका अवश्य नोंदवावा.